पंगत पुरेशी नाही : माती, पाणी आणि डाव कोणाच्या हातात?

शाळाशाळांत परसबाग लावा, ताजी भाजी पिकवा, एकत्र शिजवा, एकत्र खा, असे आज सरकार सांगते. चांगलीच गोष्ट आहे. पण ही फक्त पोषणाची गोष्ट म्हणून आम्हाला विकली जाते, तिथे आमचा आक्षेप आहे. या देशात अन्न कधीच फक्त अन्न नव्हते. माती कोणाची, पाणी कोणाचे आणि भांड्यातला डाव कोणाच्या हातात, या तीन प्रश्नांवरच जात उभी राहिली.

महाड आठवा. मार्च १९२७ मध्ये परिषदेसाठी आलेल्या आपल्या माणसांना चवदार तळे समोर असताना चाळीस रुपयांचे पाणी विकत घ्यावे लागले. २० मार्चला बाबासाहेबांनी तळ्याचे पाणी प्राशन केले. त्यानंतर सनातनी जमावाने मंडपावर हल्ला केला, माणसांना मारले आणि शिजवलेले अन्न मातीत मिसळले. अन्नाची नासाडी का केली? आपली माणसे ताठ मानेने एकत्र बसून जेवतात, हेच त्यांना सहन झाले नाही.

त्याआधी दहा वर्षे, १९१७ मध्ये, केरळात चेराई येथे सहोदरन अय्यप्पन यांनी मिश्रभोजन घडवले. त्यांच्यावर बहिष्कार आला. महाराष्ट्रातही सहभोजने झाली. पण १९३६ च्या ‘जातिनिर्मूलन’ मध्ये बाबासाहेबांनी बजावले की सहभोजनाने जात मरत नाही, आंतरजातीय विवाह हाच खरा उपाय आहे. एका दिवसाची पंगत उठते, पत्रावळी फेकल्या जातात आणि दुसऱ्या दिवशी विहिरी पुन्हा वेगळ्याच असतात.

आता गोंदियाकडे या. हा धानाचा आणि तलावांचा जिल्हा. इथले मामा तलाव म्हणजे माजी मालगुजारी तलाव. १९५१ मध्ये मालगुजारी संपली, तलाव सरकारकडे गेले. पण तलावाचे पाणी ज्याची बांधी आहे त्याच्याच बांधीत जाते. ज्याच्याकडे बांधीच नाही त्याला काय? तो दुसऱ्याच्या चिखलात रोवणी करायला जातो. १९५४ मध्ये बाबासाहेब भंडारा मतदारसंघातून लोकसभेची पोटनिवडणूक लढले. तेव्हा गोंदिया भंडारा जिल्ह्यातच होते. ते हरले, पण जमिनीचा प्रश्न हरला नाही. १९६४ मध्ये दादासाहेब गायकवाडांच्या नेतृत्वाखाली रिपब्लिकन पक्षाने भूमिहीनांसाठी देशव्यापी सत्याग्रह केला आणि लाखो माणसे तुरुंगात गेली. परसबागेचा खरा इतिहास तिथे आहे, साथींनो. आधी हातभर जमीन, मग वांगी आणि अंबाडी.

राहिला डाव. सर्वोच्च न्यायालयाने २००१ मध्ये शाळांत शिजवलेले अन्न देण्याचा आदेश दिला. २००४ मध्ये स्वयंपाकी नेमताना अनुसूचित जाती-जमातींना प्राधान्य द्या, असे सांगितले. तरीही २०२१ मध्ये उत्तराखंडच्या चंपावत जिल्ह्यात दलित स्वयंपाकिणीच्या हातचे जेवण सवर्ण मुलांनी नाकारले. खिचडी तीच, तांदूळ तोच, फक्त हात बदलला. मुलांना हे कोणी शिकवले? घराने शिकवले, आणि शाळेने ते पुसले नाही.

म्हणून आमचे म्हणणे साधे आहे. १४ एप्रिलला आपण भोजनदान करतो, ते चालूच राहावे. पण वर्षातून एकदा वाढण्यापेक्षा वर्षभर पिकवण्यात जास्त ताकद आहे. विहाराच्या आवारात जागा असेल तर तिथे भाजी लावू या. नसेल तर गावाच्या पडीक जमिनीसाठी ग्रामसभेत अर्ज टाकू या, बोडीच्या पाण्यात वाटा मागू या. शाळेतल्या परसबागेत माती कोणती मुले उचलतात आणि भाजी कोण चिरते, हे शाळा व्यवस्थापन समितीत विचारू या. स्वयंपाक बायांवर ढकलून पुरुषांनी भाषणे ठोकायची, हेही बंद करू या. समता घरातल्या चुलीपाशी नसेल, तर ती मंचावरही खोटीच.

जमीन, पाणी आणि डाव, तिन्ही आपल्या हातात आल्याशिवाय पंगत समतेची होत नाही.

जय भीम!