फडाचं पाणी

आज आपण फडाविषयी बोलणार आहोत. तमाशाचा फड नव्हे, शेतीचा. धुळे जिल्ह्यात पांझरेकाठी आणि शेजारच्या नाशिक जिल्ह्यात मोसम, आरम या नद्यांच्या काठी ही पाणीवाटपाची पद्धत तीन-चारशे वर्षं चालत आली आहे.

नदीत आडवा दगडी बंधारा घालायचा. अडलेलं पाणी उंचावलं की बाजूच्या पाटात शिरतं आणि उताराने शेतात येतं. जास्तीचं पाणी पुन्हा नदीला जातं. मोटर नाही, इंजिन नाही.

खरी अक्कल पुढे आहे. बंधाऱ्याखालची जमीन बहुधा तीन-चार फडांत वाटलेली, आणि बहुतेक शेतकऱ्यांचा प्रत्येक फडात एकेक तुकडा. एका फडात एकच पीक. एकात ऊस, दुसऱ्यात गहू, असं. पुढे पिकं फडाफडांतून फिरवायची. सगळीकडे एकच पीक असल्यामुळे एका टोकाने पाणी सोडलं की शेतामागून शेत भिजत जातं, वाया कमी जातं. पाणी द्यायचं काम पाटकऱ्याचं. शेतकऱ्याने स्वतः पाट फोडायचा नाही. पिकं राखायला जागल्या, देखरेखीला हवालदार.

आता दुष्काळ पडला तर? गाव मिळून एखादा फड कोरडा ठेवायचं. त्या फडात ज्याचा तुकडा, त्याचाच ओल्या फडातही तुकडा. झळ सगळ्यांनाच थोडी थोडी. पाटाच्या शेवटच्या टोकाला असलेल्याला पाण्यासाठी कुणाच्या दारात जावं लागत नाही. आम्हाला यातली हीच गोष्ट सर्वांत मोलाची वाटते. न्याय कुणाच्या चांगुलपणावर सोडलेला नाही, जमिनीच्या आखणीतच बसवलेला आहे.

पण ही आखणी जमीनवाल्यांची होती, हेही बोललं पाहिजे. निंदणी-खुरपणी करणाऱ्या बायांच्या नावावर जमीन नव्हती, म्हणून पाण्याच्या पंचांत त्या नव्हत्या. मजुरी करणारी घरंही नव्हती.

पुढे विहिरी वाढल्या, पंप आले, जो तो आपल्याला हवं ते पीक घेऊ लागला. पांझरेवर वरच्या अंगाला पिंपळनेरजवळ लाटीपाडा धरण झालं आणि पाणी कधी सोडायचं हे गावाबाहेर ठरू लागलं. बरेच फड मोडले.

2005 मध्ये राज्याने पाणी वापर संस्थांचा कायदा केला. संचालक मंडळात कालव्याच्या वरच्या, मधल्या आणि शेवटच्या भागातले शेतकरी घ्यायचे, असं त्यात आहे. म्हणजे फडातली जुनी काळजी कागदावर तरी आली. पण सभासद व्हायचं तर सातबाऱ्यावर नाव हवं, म्हणजे आपली गाडी पुन्हा तिथेच अडते. त्यासाठी लक्ष्मी मुक्ती योजना आहे. नवरा हयात असतानाच बायकोचं नाव सहहिस्सेदार म्हणून लागतं. चौकशी तलाठ्याकडे करायची. अर्ज मात्र नवऱ्यानेच द्यायचा असतो, तेव्हा पहिली बैठक घरातच घ्यावी लागेल.