घोटभर

दिवाळीत बोरीला आजोळी गेले होते. ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी: बोरी म्हणजे परभणीहून जिंतूरला जाताना लागतं ते. मामाचं कपाट आवरायला घेतलं, तर मागच्या खणात एक जाडजूड निळी फाईल सापडली. ऑपरेशनची. मामांना विचारलं, यावर लिहू का? म्हणाले, "लिही की. फक्त नाव घालू नको. आख्ख्या बोरीला ठाऊक आहे म्हणा, तरी." :)

तर हे त्या फाईलविषयी. मी इतिहास शिकवणारी, वैद्यकातलं मला काही कळत नाही असं आधीच सांगून टाकते. पण एखादी गोष्ट कुणाला कधी कळली आणि कुणापर्यंत कधी पोचली, हा प्रश्न इतिहासाचाच आहे.

मामांचं वजन १४२ किलो होतं. खता-बियाणांचं दुकान, बसून काम, घरी तूप-भाकरी, आणि वयाच्या चाळिशीपासून साखर. इन्सुलिनचे आकडे दरवर्षी वर. २०११ साली नितीन गडकरींनी मुंबईत वजन कमी करायचं ऑपरेशन करून घेतल्याची बातमी पेपरात आली, तेव्हा 'बॅरिअॅट्रिक' हा शब्द आमच्या घरात पहिल्यांदा शिरला. मामा तीन वर्षं नुसतेच बोलत राहिले. २०१४ मध्ये पुण्यातल्या एका मोठ्या हॉस्पिटलात ऑपरेशन झालं. प्रकार बायपास. गावात 'बायपास' म्हटलं की हृदयाचंच, त्यामुळे परत आल्यावर महिनाभर माणसं हळू आवाजात छातीची चौकशी करायला येत होती. पोटाचा बायपास म्हटल्यावर चेहरे बघण्यासारखे व्हायचे.

आता हा बायपास नेमका काय ते सांगते, कारण पुढचं सगळं त्यावर उभं आहे. जठराच्या वरच्या टोकाशी एक लहानशी पिशवी शिवून वेगळी काढतात. आकार साधारण ३० मिलीलीटर. (बारमध्ये स्मॉल पेग तेवढाच असतो, हे मला नंतर मामांनीच सांगितलं.) मग लहान आतडं थेट त्या पिशवीला जोडतात. उरलेलं जठर आत तसंच पडून राहतं, अन्न तिकडे जात नाही. माणूस वाटीभर जेवतो आणि पोट भरतं. शिवाय आतड्यातून येणारे भुकेचे आणि तृप्तीचे निरोपही बदलतात. मामांची साखर महिन्याभरात उतरली, इन्सुलिन सुटलं. दीड वर्षात वजन ८८. मामी तेव्हा म्हणायची, देव पावला. ते खरंच होतं, आजही आहे. ऑपरेशनला शिव्या घालायला हे लिहीत नाहीये, एवढं लक्षात असू द्या.

या ऑपरेशनची जन्मकथा मजेशीर आहे. १९५४ साली अमेरिकेतल्या मिनेसोटात क्रेमेन आणि लिनर यांनी जठराला हात न लावता आतड्याचाच मोठा भाग वगळून टाकायची पद्धत मांडली. वजन उतरायचं, पण पुढे अनेकांची यकृतं बिघडली. सूक्ष्मदर्शकाखाली ती दारुड्याच्या यकृतासारखी दिसत, आणि यातले कित्येक लोक दारूला शिवलेलेही नसत! ती पद्धत पुढे मोडीत निघाली. दुसरीकडे आयोवात एडवर्ड मेसन या सर्जनच्या लक्षात आलं, की अल्सरसाठी जठराचा मोठा भाग काढलेले रुग्ण पुन्हा जाड होत नाहीत. त्या निरीक्षणातून १९६६ मध्ये त्यांनी इटो यांच्यासोबत पहिला जठर-बायपास केला. म्हणजे हे ऑपरेशन अल्सरच्या ऑपरेशनच्या पोटी जन्मलं.

आणि गंमत अशी (गंमत कसली), की जठर कापलेल्या अल्सरच्या रुग्णांना दारू लवकर चढते हे डॉक्टरांनी विसाव्या शतकाच्या मध्यालाच तपासून पाहिलं होतं. ज्या वंशातून हे ऑपरेशन आलं, त्याच वंशात हा इशाराही होता. तो मागे राहिला. एका शाखेच्या वहीतली नोंद दुसऱ्या शाखेच्या वहीत उतरत नाही, हे आम्हा इतिहासवाल्यांना चांगलंच परिचयाचं आहे.

१९९१ मध्ये अमेरिकेच्या राष्ट्रीय आरोग्य संस्थेने कुणावर हे ऑपरेशन करावं याचे निकष ठरवून दिले. १९९४ मध्ये दुर्बिणीतून बायपास करता येतो हे प्रसिद्ध झालं, आणि मग आकडे भराभर वाढले. २००६ साली ऑप्रा विन्फ्रेच्या कार्यक्रमात ऑपरेशननंतर दारूच्या आहारी गेलेल्या बायका बोलल्या. तेव्हा स्पष्टीकरण असं दिलं जायचं: खाण्याचं वेड होतं, खाणं बंद झालं, वेड बाटलीकडे वळलं. व्यसनाची अदलाबदल. ऐकायला पटतं. आमच्या गावातही नंतर लोक हेच म्हणाले: "खायचं सुटलं, प्यायचं लागलं."

पण हे पूर्ण खरं असतं, तर जठराला बाहेरून नुसता पट्टा आवळण्याचं जे दुसरं ऑपरेशन आहे, त्यातही तितकंच दिसायला हवं होतं. खाणं तिथेही कमी होतं. पिट्सबर्ग विद्यापीठातल्या वेंडी किंग आणि सहकाऱ्यांनी अमेरिकेतल्या दहा हॉस्पिटलांतल्या १,९४५ रुग्णांचा अभ्यास २०१२ मध्ये प्रसिद्ध केला. दारूच्या समस्येची लक्षणं ऑपरेशनच्या आदल्या वर्षी ७.६ टक्क्यांत, नंतरच्या पहिल्या वर्षी ७.३ टक्क्यांत, आणि दुसऱ्या वर्षी ९.६ टक्क्यांत. बायपासवाल्यांना धोका पट्टेवाल्यांच्या साधारण दुप्पट. २०१७ मध्ये त्यांनीच पाच वर्षांचा हिशेब मांडला: आधी त्रास नसलेल्या बायपासवाल्यांपैकी २०.८ टक्क्यांत अशी लक्षणं उभी राहिली, पट्टेवाल्यांत ११.३ टक्क्यांत. पाचातला एक. स्वीडनमध्ये १९८७ पासून चाललेल्या एका मोठ्या पाहणीतूनही २०१३ मध्ये तेच दिसलं. याच पाहणीने २००७ मध्ये ऑपरेशन झालेल्यांचे मृत्यू कमी होतात हेही दाखवलं होतं, म्हणजे ही माणसं ऑपरेशनची वैरी नव्हेत.

दारू पिशवीत थांबत नाही. एरवी जठराच्या खालच्या तोंडाशी एक झडप असते, ती थोडं थोडं पुढे सोडते. बायपासमध्ये ती वाटेतच येत नाही. घोट सरळ आतड्यात, आणि काही मिनिटांत रक्तात. सेंट लुईसच्या वॉशिंग्टन विद्यापीठात २०१५ मध्ये बायपास झालेल्या बायकांवर प्रयोग केला, तेव्हा त्यांना दोन पेगांनी रक्तात जी पातळी गाठली, ती ऑपरेशनआधी चार पेगांनी गाठली असती असं निघालं. बरं, मामला नुसत्या लवकर चढण्याचाही नाही. २०१३ मध्ये बायपास केलेल्या उंदरांना दारू थेट शिरेतून मिळेल अशी सोय करून दिली. पोटाचा संबंधच नाही. तरी बायपासवाले उंदीर जास्त घेत राहिले! म्हणजे मेंदूत कुठेतरी काहीतरी हललेलं असतं.

हे सगळं मला कळलं २०१८ मध्ये. मामांचं सुरू झालं होतं २०१६ मध्ये.

इथे जरा आमच्या भागातल्या दारूविषयी सांगायला हवं. आजोबा निजामाच्या राज्यात जन्मले. त्या राज्यात शेतसारा आणि अबकारी ही उत्पन्नाची मोठी खाती. शिंदीच्या दुकानांचे लिलाव व्हायचे, आणि कोणत्या गावातून किती वसूल यावर सरकारची नजर. १९४८ ला पोलिस अॅक्शन झाली, १९५६ ला मराठवाडा मुंबई राज्यात गेला, आणि मुंबईची दारूबंदी मागून इकडे आली. मग हातभट्ट्या आल्या. पुढे बंदी सैल झाली, देशीची दुकानं आली. २००८ च्या शासननिर्णयाने गावातल्या निम्म्याहून जास्त बायकांनी मत दिलं तर दुकान बंद, अशी सोय झाली. मतपत्रिकेवर उभी बाटली की आडवी बाटली.

या सगळ्या काळात दारू मोजली गेली ती मापाने. लिलाव मापाचा, कर मापाचा, गुन्हा मापाचा. माणूसही मापानेच. नाइंटी घेणारा तो शौकीन, क्वार्टर घेणारा पिणारा, आणि त्याहून पुढचा तो बेवडा. आजोबांपासून आमच्या पिढीपर्यंत सगळ्यांना हे गणित तोंडपाठ.

मामा ऑपरेशनआधी वर्षातून तीन-चार वेळा, लग्नाच्या वरातीत किंवा कंपनीच्या डीलर मीटिंगला घ्यायचे. भलंमोठं शरीर, क्वार्टर रिचवून सरळ चालत यायचे. २०१६ च्या उन्हाळ्यात ते रोज संध्याकाळी दुकानाच्या मागे घ्यायला लागले. नाइंटी. कधी त्याहून कमी. मामीला कळलं तेव्हा ती भांडली, पण तिचं भांडण कुणी मनावर घेतलं नाही, कारण माप तिच्या बाजूचं नव्हतं. आईने फोनवर सांगितलं, "अगं, घोटभरच घेतात ते. बाकीच्यांचे नवरे बघ." हे वाक्य मी माझ्या कानांनी ऐकलंय. मीही गप्प बसले. मामी म्हणायची, "लई घेत नाहीत गं, पण घेतल्यावर ते ते राहत नाहीत." एवढ्या नेमक्या शब्दांत तिने सांगितलं होतं. आम्ही सगळे शिकलेले, कुणालाही ऐकू आलं नाही.

२०१७ च्या पोळ्याला झरीहून येताना मामांची मोटारसायकल रस्ता सोडून कापसाच्या रानात गेली. खांद्याचं हाड मोडलं. सोबतच्या माणसाने शपथेवर सांगितलं, की एकच नाइंटी घेतली होती, मी समोर होतो. तो खरं बोलत होता. जिथे उपचार झाले तिथे कुणी ऑपरेशनविषयी विचारलं नाही, आणि आम्हीही सांगितलं नाही. खांद्याचा आणि पोटाचा काय संबंध?

आता फाईल. त्यात जेवणाचा तक्ता आहे, प्रोटीन पावडरची बिलं आहेत, बी-ट्वेल्व्हच्या इंजेक्शनच्या तारखा आहेत (मामीच्या अक्षरात, एकही चुकलेली नाही), आणि घरी सोडताना दिलेला सूचनांचा इंग्रजी कागद आहे. चौदाव्या ओळीत दारूविषयी एकच वाक्य: सहा महिने टाळा. बस्स. मामांनी सहा महिने कडक पाळले. सातव्या महिन्यापासून त्यांच्या समजुतीप्रमाणे मुभा होती. त्यांना तरी दोष कसा द्यायचा? कागदावर मुदत होती आणि मुदत संपली होती. अभ्यासांत धोका वाढलेला दिसतो तो दुसऱ्या वर्षात. म्हणजे कुंपण संपलं त्याच्या बरंच पुढे विहीर.

मला त्या कागदाचा राग येतो. २०१२ आणि २०१३ चे निष्कर्ष छापून आले होते, ऑपरेशन २०१४ चं. पण मी स्वतःलाही सोडत नाही. माझ्याकडे इंटरनेट होतं, कॉलेजचं ग्रंथालय होतं, आणि मामीचे फोन होते. मी हे शोधलं ते मामांनी घरातलं ताट भिरकावल्याचं कळल्यावर, आणि तेही रात्री झोप येईना म्हणून.

सापडलेल्या गोष्टी मराठीत चार पानं लिहून काढल्या आणि बोरीला गेले. मामांना वाचून दाखवल्या. ते बराच वेळ पत्र्याकडे बघत बसले. मग म्हणाले, "म्हणजे मी नाइंटी घेतो तेव्हा क्वार्टर घेतो?" हो, म्हटलं, जवळपास तसंच. "मग मला कुणी सांगितलं का नाही?" याला माझ्याकडे उत्तर नव्हतं. मामी स्वयंपाकघराच्या दारात उभी होती. ती काहीच बोलली नाही, पण तिने ती चार पानं मागून घेतली.

पुढचं काही एका दिवसात झालं नाही. दोनदा सोडली, दोनदा धरली. शेवटी पुण्याला व्यसनमुक्ती केंद्रात राहिले. आपल्याकडे या कामाला ओळख मिळाली ती मुक्तांगणमुळे. १९८६ मध्ये सुनंदा आणि अनिल अवचटांनी पु. ल. देशपांड्यांच्या देणगीतून ते पुण्यात सुरू केलं, ते गर्दच्या आहारी गेलेल्या मुलांसाठी. दारूवाले पुढे मोठ्या संख्येने आले. मामा जिथे राहिले, तिथल्या समुपदेशकांनी ऑपरेशनचं ऐकल्यावर वही काढून सगळं लिहून घेतलं. मला ते फार बरं वाटलं. २०१९ च्या पावसाळ्यापासून मामांनी घेतलेली नाही. वजन थोडं चढलंय, ९७. साखर ठीक.

या दिवाळीत, मी फाईल घेऊन बसलेले असतानाच, शेजारच्या गावातला एक मुलगा आला. तिशीतला, वजन दीडशेच्या घरात. पुण्याला तारीख मिळालीय, पुढच्या महिन्यात ऑपरेशन, म्हणून माहिती विचारायला. मामांनी त्याला सगळं सांगितलं: पहिले पंधरा दिवस नुसतं पातळ, जेवताना पाणी प्यायचं नाही, केस गळतील पण परत येतील, इंजेक्शनं चुकवायची नाहीत. त्याने मोबाईलमध्ये टिपून घेतलं. मग मामा थांबले आणि आत बघून हाक मारली, "अगं, ते तुझं कागद घेऊन ये."

मामी पदराला हात पुसत बाहेर आली, चष्मा लावला, आणि ओट्यावर त्या मुलाच्या समोर बसली. माझी चार पानं, घडीवर फाटलेली, मागे सेलोटेप लावलेली. मला म्हणाली, "चहा टाक. वेळ लागंल."