संसर्गजन्य रोगचिकित्सेचे शिक्षण, मुंबई परिसरातील

सूक्ष्मजंतू, व्हायरस, कवके व परजीवी यांच्यामुळे होणाऱ्या रोगांचे निदान, उपचार आणि प्रतिबंध यांचे अध्यापन रुग्णालयात दिले जाणारे पदव्युत्तर शिक्षण. शरीराच्या एखाद्या इंद्रियापुरती ही शाखा मर्यादित नाही. मेंदूज्वर, हृदयाच्या झडपांचा संसर्ग, हिवताप, क्षय, एड्स व शस्त्रक्रियेनंतरचे जंतुसंसर्ग हे सर्व तिच्या कक्षेत येतात. रुग्णशय्या व प्रयोगशाळा या दोहोंचा सतत संबंध हा या शिक्षणाचा पाया होय. मुंबईत वैद्यकीय महाविद्यालय १८४५ मध्ये, साथरोगांचे रुग्णालय १८९२ मध्ये व जंतुविज्ञानाची मोठी प्रयोगशाळा १८९९ मध्ये अस्तित्वात आली. तथापि या तिन्ही संस्था परस्परांपासून अलग वाढल्या. त्यामुळे साथींचा प्रदीर्घ अनुभव असूनही या शहरात संसर्गजन्य रोगांचा विशेषज्ञ घडविणारे स्वतंत्र शिक्षण एकविसाव्या शतकापर्यंत लांबले.

प्रारंभ : मुंबईचे गव्हर्नर सर रॉबर्ट ग्रँट यांच्या स्मरणार्थ स्थापन झालेल्या ग्रँट मेडिकल कॉलेजमध्ये व त्याला जोडलेल्या जमशेटजी जिजीभाई रुग्णालयात १८४५ पासून पाश्चात्त्य वैद्यकाचे पद्धतशीर शिक्षण सुरू झाले. चार्ल्स मोरहेड हे पहिले प्राचार्य होत. पटकी, देवी, आमांश आणि निरनिराळे ज्वर यांचे रुग्ण त्या काळी रुग्णालयात नित्याचेच असल्याने विद्यार्थ्याला हे रोग वेगळे शोधावे लागत नसत. १८५८ मध्ये मुंबईत आलेले हेन्री व्हँडाइक कार्टर (१८३१–९७) यांनी येथेच कुष्ठरोग व मदुरापाद यांचा अभ्यास केला. १८७७ च्या दुष्काळात मुंबईत पसरलेल्या पुनरावर्ती ज्वराच्या रुग्णांच्या रक्तात त्यांनी सूक्ष्मदर्शकाने सर्पिल जंतू पाहिले आणि पुढे माकडांमध्ये हा रोग संक्रमित करून दाखविला. या ज्वरावरील त्यांचा ग्रंथ १८८२ मध्ये प्रसिद्ध झाला. रुग्णाचे तापमान, रक्ताची तपासणी आणि शवविच्छेदन ही तिन्ही कामे एकाच चिकित्सकाने करण्याची ही रीत पुढील काळाच्या दृष्टीने महत्त्वाची होती. मात्र ती एका व्यक्तीच्या व्यासंगावर अवलंबून राहिली. तिचे रूपांतर अध्यापनाच्या विभागात झाले नाही.

साथरोग रुग्णालय : सांसर्गिक रोग्यांना वेगळे ठेवण्यासाठी मुंबई नगरपालिकेने आर्थर रोड येथे १८९२ मध्ये रुग्णालय उघडले. तेच पुढे कस्तुरबा रुग्णालय म्हणून प्रसिद्धीस आले. त्याची कसोटी लवकरच लागली. २३ सप्टेंबर १८९६ रोजी डॉ. अकॅशिओ गॅब्रिएल व्हिएगस (१८५६–१९३३) यांनी मांडवी भागात ग्रंथिक प्लेगचे निदान केले. रोग्यांना सक्तीने घरातून हलविण्यास सुरुवात होताच लोकांत भीती पसरली. रुग्णालयात नेलेला माणूस परत येत नाही, असा समज दृढ झाला व २९ ऑक्टोबर १८९६ रोजी सुमारे एक हजार गिरणी कामगारांच्या जमावाने आर्थर रोड रुग्णालयावर हल्ला केला. फेब्रुवारी १८९७ मध्ये साथरोग अधिनियम संमत होऊन अधिकाऱ्यांना व्यापक अधिकार मिळाले.

अशा वातावरणात या रुग्णालयाची सूत्रे सांभाळणारे डॉ. नसरवानजी होरमसजी चोक्सी यांचे कार्य उल्लेखनीय आहे. प्लेगवरील लुस्टिग यांच्या रक्तद्रवाची उपयुक्तता तपासताना त्यांनी एका रोग्यास रक्तद्रव व त्यानंतरच्या रोग्यास त्याविना नेहमीचे उपचार, अशी आळीपाळीची पद्धत अवलंबिली आणि दोन्ही गटांतील मृत्यूंची तुलना केली. उपचाराची निःपक्षपाती परीक्षा करण्याच्या प्रारंभीच्या प्रयत्नांत या कामाची गणना होते. विलगीकरणासाठी बांधलेल्या कक्षातही उच्च प्रतीचे वैद्यकीय ज्ञान निर्माण होऊ शकते, हे त्यावरून दिसून येते. परंतु हे रुग्णालय नगरपालिकेच्या आरोग्य खात्याकडे व महाविद्यालय सरकारकडे अशी व्यवस्था होती. समाजाला रोग्यापासून वाचविणे हा रुग्णालयाचा मुख्य हेतू मानला गेला. रोग्याकडून शिकणे हा हेतू दुय्यमच राहिला.

प्रयोगशाळा : प्लेगवर लस शोधण्यासाठी व्हाल्डेमार हाफकिन (१८६०–१९३०) ऑक्टोबर १८९६ मध्ये मुंबईत आले. त्यांचे काम ग्रँट मेडिकल कॉलेजमधील एका खोलीत व लगतच्या व्हरांड्यात, एक कारकून आणि तीन शिपाई यांच्या साह्याने सुरू झाले. १० जानेवारी १८९७ रोजी त्यांनी लस प्रथम स्वतःला टोचून घेतली. काम वाढल्यावर प्रयोगशाळा परळच्या जुन्या राजभवनात हलविण्यात आली. १० ऑगस्ट १८९९ रोजी प्लेग संशोधन प्रयोगशाळा म्हणून तिचे उद्‌घाटन झाले. १९२५ पासून ती हाफकिन इन्स्टिट्यूट या नावाने ओळखली जाते. उंदरांवरील पिसवा व प्लेग यांच्या संबंधावर ग्लेन लिस्टन आणि १९०५ नंतर प्लेग संशोधन मंडळाने येथे महत्त्वाचे काम केले. साहिबसिंग सोखी हे १९३२ मध्ये संस्थेचे पहिले भारतीय संचालक झाले. स्थलांतरामुळे संशोधनास हवी ती जागा मिळाली. परंतु महाविद्यालयाच्या छपराखाली जन्मलेली प्रयोगशाळा त्याच्या रुग्णकक्षांपासून दुरावली, हा त्याचा दुसरा परिणाम होय.

महाविद्यालयीन शिक्षण : नॅशनल मेडिकल कॉलेज (१९२१, नंतरचे टोपीवाला नॅशनल मेडिकल कॉलेज) व परळचे सेठ गोवर्धनदास सुंदरदास मेडिकल कॉलेज (१९२६) यांमुळे मुंबईतील वैद्यकीय शिक्षणाचा विस्तार झाला. शीव येथील लोकमान्य टिळक महाविद्यालय १९६४ मध्ये सुरू झाले. परळला के. ई. एम. रुग्णालय व हाफकिन इन्स्टिट्यूट जवळजवळ असूनही दोहोंची व्यवस्था निराळी राहिली. घटसर्प, धनुर्वात, गोवर व अलर्क रोग यांचे रुग्ण प्रत्यक्ष पाहण्यासाठी महाविद्यालयांतील विद्यार्थी कस्तुरबा रुग्णालयात पाठविले जात. अलर्क रोगातील जलभय किंवा घटसर्पातील घशाचा पडदा ही लक्षणे अनेक पिढ्यांतील डॉक्टरांनी तेथेच प्रथम पाहिली. तथापि हा परिचय अल्पकालीन फेरीपुरता असे. रोग्याचा प्रवेशापासून घरी जाईपर्यंतचा क्रम त्यातून समजणे अवघड होते.

पदव्युत्तर पातळीवर हे विषय विभागले गेले. कुष्ठरोगासाठी वडाळ्याचे अ‍ॅकवर्थ रुग्णालय (१८९०), क्षयासाठी शिवडीचे रुग्णालय, गुप्तरोगांसाठी त्वचारोग विभाग व जंतूंच्या तपासणीसाठी सूक्ष्मजीवविज्ञान विभाग, अशी वाटणी झाली. उरलेले ज्वर औषधवैद्यकशास्त्राकडे राहिले. १९४० नंतर प्रतिजैविक पदार्थ उपलब्ध झाल्याने संसर्गजन्य रोगांचा प्रश्न लवकरच सुटेल, अशी आशा जगभर निर्माण झाली. भारतातील देवीचा अखेरचा रुग्ण मे १९७५ मध्ये आढळल्याने ती अधिक बळावली. हृदय, मज्जासंस्था, वृक्क इ. इंद्रियांच्या अतिविशेष पदव्या भारतात रूढ झाल्या. अमेरिकेत संसर्गजन्य रोगांच्या विशेषज्ञांची प्रमाणन परीक्षा १९७२ मध्ये सुरू झाली असताना भारतात मात्र, जेथे असे रुग्ण सर्वाधिक, तेथे ही शाखा स्वतंत्र पदवीविना राहिली. कलकत्त्याच्या उष्ण कटिबंधीय वैद्यकाच्या संस्थेत १९२१ पासून असलेली अध्यापनाची सोय हा ठळक अपवाद होय.

परिस्थितीतील बदल : भारतात एच्. आय्. व्ही. संसर्ग १९८६ मध्ये प्रथम आढळला. या रोगात एकाच व्यक्तीस क्षय, कवकजन्य मेंदूज्वर, दृष्टिपटलाचा संसर्ग आणि अतिसार होऊ शकतो. इंद्रियांनुसार केलेली विशेषज्ञांची वाटणी अशा रोग्यापुढे अपुरी पडली. १ एप्रिल २००४ रोजी मोफत व्हायरसरोधी उपचारांची राष्ट्रीय योजना सुरू झाली. तिच्या पहिल्या केंद्रांत जमशेटजी जिजीभाई रुग्णालयाचा समावेश होता. २६ जुलै २००५ रोजी सांताक्रूझ येथे चोवीस तासांत ९४४ मिमी. पाऊस पडला. त्यानंतर लेप्टोस्पायरोसिसचे रुग्ण मोठ्या संख्येने आढळले. २००९ मध्ये स्वाइन फ्ल्यूची साथ आली. अनेक औषधांना दाद न देणाऱ्या क्षयाच्या मुंबईतील रुग्णांकडे २०११-१२ मध्ये जगाचे लक्ष वेधले गेले. प्रतिजैविकांच्या अनिर्बंध वापरामुळे रुग्णालयांतील जंतूही औषधांना जुमानेनासे झाले. काही प्रतिजैविकांच्या किरकोळ विक्रीवर २०१४ पासून अधिक कडक नोंदींचे बंधन आले. परंतु कोणते औषध केव्हा सुरू करावे व विशेषतः केव्हा थांबवावे, हे रुग्णाजवळ बसून ठरविणाऱ्या तज्ज्ञाची उणीव नियमाने भरून निघणारी नव्हती.

विशेष शिक्षणाचे स्वरूप : २०१० नंतरच्या दशकात नवी दिल्ली येथील अखिल भारतीय आयुर्विज्ञान संस्था, वेल्लोरचे ख्रिश्चन मेडिकल कॉलेज इ. संस्थांत संसर्गजन्य रोगांचा डी. एम्. शिक्षणक्रम आला. औषधवैद्यकशास्त्र, बालरोगशास्त्र इ. विषयांतील एम्. डी. नंतरचा हा तीन वर्षांचा शिक्षणक्रम असून २०१७ पासून अतिविशेष शाखांतील प्रवेशासाठी राष्ट्रीय पात्रता परीक्षा घेतली जाते. राष्ट्रीय परीक्षा मंडळाच्या अधिछात्रवृत्तीमुळे खाजगी रुग्णालयांतही असे शिक्षण घेण्याची वाट खुली झाली.

या शिक्षणात प्रवेश करणारा डॉक्टर अनुभवी चिकित्सक असतो. तरीही त्याला सवयी बदलाव्या लागतात. त्याला स्वतःचा ठराविक कक्ष नसतो. शल्यचिकित्सा, अतिदक्षता, कर्करोग, प्रसूती अशा सर्व विभागांतून त्याला सल्ल्यासाठी बोलावणे येते. ताप दिसताच औषध लिहिण्याऐवजी रोग्याचे राहण्याचे ठिकाण, व्यवसाय, प्रवास, पाळीव जनावरे, पिण्याचे पाणी व आधी घेतलेली औषधे यांची तपशीलवार चौकशी तो करतो. रक्तसंवर्धनाचे नमुने प्रतिजैविक देण्यापूर्वी घेतले गेले की नाही हे पाहतो व प्रयोगशाळेत जाऊन वाढलेले जंतू स्वतः तपासतो. रुग्णालयांतर्गत संसर्गाचे नियंत्रण आणि प्रतिजैविकांच्या वापरावर देखरेख हीही त्याची कामे होत. इतर शाखांतील तज्ज्ञाने सुरू केलेले औषध बंद करण्यास त्याला पटवून देणे, हा या शिक्षणातील अवघड भाग समजला जातो. या शाखेत शस्त्रक्रिया किंवा महागडे उपकरण नसल्याने तिला आर्थिक आकर्षण कमी आहे. तज्ज्ञांची संख्या मर्यादित राहण्याचे ते एक कारण होय.

उपनगरांपुढील प्रश्न : अध्यापन रुग्णालये मुंबई बेटावर व त्यालगत एकवटली, तर लोकवस्ती उत्तरेकडे वाढली. ठाणे जिल्ह्यातील मीरा-भाईंदर हे त्याचे ठळक उदाहरण आहे. दहिसरच्या पलीकडे, वसईच्या खाडीपर्यंत पसरलेल्या मिठागरांच्या व मच्छीमारांच्या या प्रदेशात १९८५ मध्ये नगर परिषद व २८ फेब्रुवारी २००२ रोजी महानगरपालिका स्थापन झाली. लोकसंख्या २००१ मध्ये सु. ५ लाख २० हजार होती. ती २०११ मध्ये ८ लाख ९ हजारांवर गेली. अशा वेगाने वाढणाऱ्या वस्तीत ताप आलेल्या रोग्याची पहिली गाठ सामान्यतः खाजगी व्यवसायी डॉक्टरशी पडते. गुंतागुंत वाढल्यावर त्याला मुंबईकडे न्यावे लागते. तोपर्यंत प्रतिजैविके सुरू झालेली असल्यास संवर्धन चाचणीत जंतू सापडण्याची शक्यता घटते. म्हणून विशेषज्ञ तयार करण्याइतकेच त्याचे ज्ञान अशा शहरांतील डॉक्टरांपर्यंत पोहोचणे महत्त्वाचे ठरते. २०२० मधील कोव्हिड साथीत भाईंदरच्या पंडित भीमसेन जोशी रुग्णालयाचे साथरोग रुग्णालयात रूपांतर करावे लागले, ही घटना या दृष्टीने बोलकी आहे.

त्याच साथीत मुंबईतील कोव्हिडचा पहिला मृत्यू १७ मार्च २०२० रोजी कस्तुरबा रुग्णालयात नोंदला गेला. ऑगस्ट २०२१ मध्ये याच रुग्णालयात व्हायरसाच्या जनुकीय क्रमनिर्धारणाची प्रयोगशाळा सुरू झाली. १८९६ मध्ये जमावाने ज्या वास्तूवर हल्ला केला होता, तेथे रुग्णशय्या व प्रगत प्रयोगशाळा एकत्र आल्या. अध्यापन ही तिसरी बाजू तितक्याच भक्कमपणे त्यांना जोडली गेल्यास कार्टर व चोक्सी यांनी व्यक्तिगत परिश्रमाने दाखविलेला मार्ग संस्थात्मक स्वरूप धारण करील. साथ ओसरताच कक्ष रिकामे होतात व त्यांच्याकडे दुर्लक्ष होते. त्या मधल्या काळात पुढील साथीसाठी माणसे घडविणे हेच या शिक्षणाचे खरे प्रयोजन होय.