ध्वनिमुद्रिकांचे संग्राहक आणि ब्लूजचा इतिहास

ब्लूज संगीताचा इतिहास जसा गायकांनी घडविला, तसाच तो जुन्या तबकड्या जमविणाऱ्या हौशी मंडळींनीही घडविला. १९४०च्या दशकात न्यूयॉर्कमधील ब्रुकलिन येथे वाय.एम.सी.ए.च्या खोलीत राहणारा जेम्स मॅक्यून आपला संग्रह पलंगाखालच्या खोक्यात ठेवीत असे. १९३४ मध्ये निवर्तलेल्या चार्ली पॅटन या मिसिसिपीतील गायकाची एक तबकडी त्याच्या हाती लागली. ती काढणारी पॅरामाउंट ही एका खुर्च्यांच्या कारखान्याची शाखा. मंदीत तीही बुडाली होती. मॅक्यूनभोवती जमलेल्या मित्रांत अशा तबकड्यांवर खल चाले. पुढे त्या वर्तुळातील पीट व्हेलन यांनी ‘ओरिजिन जॅझ लायब्ररी’द्वारे पॅटनची गाणी दीर्घमुद्रिकेवर आणली.

मात्र ही निवड निरपेक्ष नव्हती. १९२० मधील मॅमी स्मिथच्या ‘क्रेझी ब्लूज’पासून त्या दशकाच्या बाजारात गायिकाच आघाडीवर होत्या. संग्राहकांनी ‘अस्सल’ ठरविला तो गिटारवर एकट्याने गाणारा, दुर्मिळ पुरुषस्वर. दुर्मिळता हाच जणू गुण ठरला! मेरीबेथ हॅमिल्टन यांनी २००७च्या आपल्या ग्रंथात या अभिरुचीची चिकित्सा केली असून प्रस्तुत लेखकास ती ग्राह्य वाटते. तथापि पॅरामाउंटचे बहुतेक मूळ धातुसाचे नष्ट झाले असल्याने, पॅटन ऐकावयाचा तर याच मंडळींनी जपलेल्या झिजक्या तबकड्यांवाचून आज गत्यंतर नाही.