नवी मुंबई : नगरवाढ आणि परिणाम

ठाणे खाडीच्या पूर्वेस, ठाणे व रायगड जिल्ह्यांत वसवलेले नियोजित शहर. मुंबईवरचा भार खाडीपलीकडे वळवावा, ही कल्पना चार्ल्स कोरिया, शिरीष पटेल व प्रवीणा मेहता यांनी १९६५ मध्ये मांडली. त्यासाठी १७ मार्च १९७० रोजी सिडको या शहर व औद्योगिक विकास महामंडळाची स्थापना झाली. ९५ गावांसह सुमारे ३४४ चौ. किमी. क्षेत्र आखण्यात आले.

शासकीय कार्यालये इकडे येतील, हा या आराखड्याचा कणा होता. मंत्रालय हलले नाही आणि त्याच काळात नरिमन पॉइंटला भराव घालून कार्यालयांचे मनोरे उभे राहिले. आला तो घाऊक बाजार, वाशी-तुर्भ्याला. लोकल खाडी ओलांडून वाशीला पोहोचली १९९२ मध्ये. तोवर वाशी-नेरूळकरांना मुंबईची नोकरी बसनेच गाठावी लागे. त्याच वर्षी महापालिका अस्तित्वात आली. २०११ च्या जनगणनेत तिच्या हद्दीची लोकसंख्या ११.२ लाख भरली. मुंबईची गर्दी मात्र हटली नाही.

वाढीची किंमत प्रामुख्याने येथील गावांतल्या आगरी-कोळ्यांनी मोजली. भातखाचरे, मिठागरे गेली, खाडीतली मासेमारी आटली. दि. बा. पाटील यांच्या नेतृत्वाखालील भूसंपादनविरोधी आंदोलनात जानेवारी १९८४ मध्ये दास्तान फाटा व नवघर येथील गोळीबारात पाच शेतकरी मारले गेले. त्यातून पुढे साडेबारा टक्के विकसित भूखंड परत देण्याची योजना आली. संपादित जमिनीतला वाटा मूळ मालकाला देणारी ही तरतूद मोलाची खरी. पण भूखंड हाती पडेपर्यंत वर्षे गेली आणि अनेकांनी ते बिल्डरला विकले. दरम्यान गावठाणांची हद्द ठरली नाही. कुटुंबे वाढली, तशी घरावर घरे चढली. त्यांना सरसकट ‘अनधिकृत’ म्हणणे सोयीचे असले तरी न्याय्य नाही.

नगरवाढीचा दुसरा प्रश्न पाण्याच्या निचऱ्याचा. शहराच्या सखल जमिनीत भरतीच्या वेळी पडणारा पाऊस मावावा म्हणून धारण तलाव बांधले आहेत. ओहोटी लागली की झडपांतून पाणी खाडीत जाते. या तलावांत गाळ साचून कांदळवन माजले. कांदळवन तोडण्यास कायद्याची मनाई असल्याने गाळ काढणे अडते आणि तलावांची साठवणक्षमता घटते.