शिवराईवरील अक्षरे

१६७४ च्या राज्याभिषेकाच्या सुमारास प्रचारात आलेल्या तांब्याच्या शिवराईवर एका बाजूस ‘श्री राजा शिव’ व दुसऱ्या बाजूस ‘छत्रपति’ अशी अक्षरे असत. ठसा मोठा, चकती लहान आणि घाव हातोड्याचा; त्यामुळे कडेची अक्षरे व भोवतालची बिंदुमाला पुष्कळदा चकतीबाहेरच राही. यंत्राने पाडलेल्या नाण्याची उंच कड घर्षण सोसून मधला मजकूर राखते. शिवराईस तशी कड नसल्याने झीज प्रथम अक्षरांनाच लागे. तेव्हा अस्पष्ट शिवराई खोटी समजू नये. बालपणी आम्ही अशीच एक शिवराई चिंच व राखेने घासून तिच्यावरील उरलेला ‘शिव’ही घालविला, याची खंत आजही वाटते. ज्ञातिबांधवांनी घरची जुनी नाणी न घासता, न मोडता जपावीत, हीच विनंती.