परिचर्या, रुग्णालयीन : आदिलाबाद जिल्हा

रुग्णालयात दाखल झालेल्या तीव्र वा चिरकारी व्याधींच्या रुग्णांची अहोरात्र शुश्रूषा. चरकसंहितेने चिकित्सेच्या चार पादांत वैद्य, औषध व रोगी यांच्या पंक्तीला उपस्थाता, म्हणजे परिचारकही, बसविला आहे. एके काळी निजामाच्या अमलाखाली असलेल्या, १९५६ मध्ये आंध्र प्रदेशात व २०१४ मध्ये तेलंगणात आलेल्या या सरहद्दीवरील जिल्ह्यात गोंडी, कोलामी, मराठी, तेलुगू व उर्दू या भाषा नांदत असल्यामुळे, वेदना नेमकी कोठे व कशी हे रुग्णाकडून जाणून घेणे हेच परिचारिकेचे पहिले, आणि बहुधा सर्वांत अवघड, काम ठरते. आदिलाबाद येथील राजीव गांधी वैद्यकीय विज्ञान संस्था (स्थापना २००८) हे जिल्ह्यातील प्रमुख रुग्णालय होय.

गोंड आदी जमातींत आढळणारा सिकलसेल हा आनुवंशिक रक्तविकार चिरकारी असूनही अधूनमधून तीव्र रूप धारण करतो. विळ्याच्या आकाराच्या तांबड्या पेशी सूक्ष्म रक्तवाहिन्यांत अडकून हाडे व सांधे असह्य दुखू लागले, म्हणजे वेदनाशामक वेळेवर देणे, शरीरातील पाण्याचे प्रमाण राखणे, अंग उबदार ठेवणे आणि ताप, श्वसन व ऑक्सिजनची पातळी यांची नोंद ठेवणे, ही जबाबदारी परिचारिकेवर येते. दुखऱ्या सांध्यावर बर्फ ठेवणे येथे वर्ज्य, कारण थंडीने रक्तवाहिन्या आकुंचन पावतात. हिवतापात तापाचा तक्ता, बेशुद्धीची पूर्वचिन्हे व रक्तशर्करा यांकडे लक्ष पुरवावे लागते. घरी परतणाऱ्या रुग्णाला औषधांचा क्रम त्याच्याच बोलीत समजावणे हाही परिचर्येचाच भाग होय.